कल्याणात पाहिलेल्या तीन सुऱ्या

आये, तुला लिहायचं असं काही ठरलेलं नव्हतं. मला लिहिता येतं हेसुद्धा तुला ठाऊक नाही. कोपरीच्या शाळेत तू मला दुसरीपर्यंत ठेवलंस, मग मिठागरावर हात कमी पडायला लागले नि पाटी चुलीमागे गेली ती गेलीच. पुढे माझी नातवंडं शिकायला लागली तेव्हा त्यांच्या शेजारी भाजी निवडत बसून मी राहिलेली अक्षरं उचलली. ऱ्हस्व-दीर्घाचा भरवसा अजून नाही. पण तुला मुळात वाचताच येत नव्हतं, म्हणजे चुका काढायला तू बसणार नाहीस, ही एक सोय झाली.

परवा थोरली नात मोबाईल घेऊन पुढ्यात बसली. ही पोरगी सुट्टी लागली की गडावर जाते, तंबू ठोकून राहते. तिला सुरी हवी होती, न मिटणारी, कमरेला लावायची. तीन निवडून ठेवल्या होत्या. तिन्ही काळ्या, तिन्ही एका मापाच्या, एकीच्या जागी दुसरी ठेवली तर कळणार नाही इतक्या सारख्या. "आजी, तूच सांग, आता माझं डोकं चालत नाही." मी म्हटलं, हातात घेऊन बघ. तर म्हणते, हातात कशी घेणार, ती घरपोच येते. "मग पात्याचं शेपूट मुठीत कुठवर गेलंय ते तरी विचार. आणि ओल्या हाताने धरली तर निसटते का ते." पोरगी माझ्याकडे अशी बघायला लागली, जशी काही भिंत बोलली. "तुला गं काय माहीत?" मी म्हटलं, मला नाही, माझ्या आईला माहीत होतं. ती हसली. तिला वाटलं, तू मासे कापायचीस म्हणून. मी भाजी पुढे ओढली, पण तेव्हापासून तो कल्याणचा दिवस उठून जायला तयार नाही. घोडबंदरच्या ह्या उंच घरात दिवसभर खालच्या गाड्यांचे भोंगे ऐकत बसण्यापेक्षा म्हटलं, लिहूनच टाकावं.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी माझ्या बाजूने सांगते. स्वराज्य येऊन थोडीच वर्षं झालेली. बाबांनी माझं लग्न ठरवलं तेव्हा मी विशी ओलांडली होती, आणि त्या काळी कोपरीत विशी ओलांडलेली बिनलग्नाची पोर म्हणजे रस्त्यात रुतलेली गाडी. येणारा-जाणारा थांबून विचारायचा, कधी हलणार? स्थळ आलं डोंबिवलीच्या पुढचं, खाडीकडच्या गावातलं. दोघे भाऊ. धाकटा कल्याणच्या रेल्वे यार्डात कामाला, तो माझ्यासाठी. थोरला घरी, शेती आणि मिठागर बघणारा. पाच माणसांत सुपारी फुटली, गूळ वाटला, बाबा दोन दिवस मिशीला हात लावून हिंडले. तिसऱ्या दिवशी तू ठाण्याच्या बाजारातून मासे विकून आलीस ती टोपली न उतरवताच उभी राहिलीस. मी अंगणात जवळा वाळत घालत होते. तुझा चेहरा बघून मी म्हटलं, "काय झालं? माल परत आला का?" तू म्हणालीस, "माल नाय परत येत बाय." आणि आत गेलीस.

त्या गावची एक कोळीण तुझ्या शेजारी बसायची, तिने तुला सांगितलं होतं. थोरल्याच्या दोन बायका गेल्या. पहिली विहिरीत पडली. दुसरी तापाने गेली म्हणतात, पण ताप तिला कुणी पाहिला नव्हता. आदल्या दिवशी ती बाजारात सुके बोंबील घेऊन बसली होती आणि गिऱ्हाइकाशी भांडत होती. हे तू बाबांना सांगितलंस तेव्हा मी कुडाच्या पलीकडे होते, कान काही बंद करून ठेवले नव्हते.

"थोरल्याचं ते. आपला जावई धाकटा," बाबा म्हणाले.

"घर एकच हाय."

"लोकांच्या तोंडाला काय, उद्या आपल्याबद्दल पण बोलतील."

"बोलू देत. पोर जित्ती राहील."

"सुपारी फुटली," बाबांचा आवाज खाली आला. तो खाली आला की घरातली मांजर पण बाहेर जायची. "पाच माणसांत फुटली. आता ह्या घरात पुन्हा हा विषय काढलास तर बघ." तू काढला नाहीस. मी वाट बघत राहिले, की तू आता भांडशील, मामाला बोलावशील, देवीला कौल लावशील. तू कोळंबी सोलत बसलीस. सोलून झाल्यावर हात धुतलेस आणि मला म्हणालीस, "उद्या कल्याणला जायचंय. हळदीची सुरी आणायची."

मला हसू आलं. हळद लागली की नवऱ्या-नवरीला एकटं सोडायचं नाही, वाईटसाईट लागतं, म्हणून हातात लोखंड द्यायचं, टोकाला लिंबू खोचून. नवऱ्याकडे कट्यार नाहीतर मोठी सुरी असते. नवरीला कोण सुरी देतो? घरातला अडकित्ता देतात. फारच हौस असली तर शेजारचा पितळी मुठीचा मागून आणतात. लग्न उरकलं, हळद उतरली की पाठराखीण ते लोखंड माहेरी परत घेऊन येते आणि दुसऱ्या दिवसापासून त्याने सुपारी कातरतात. त्यासाठी कल्याणला जायचं म्हणजे चिमूटभर हिंगासाठी गोवा गाठण्यासारखं. मी तसं म्हटलंही. तू म्हणालीस, "तुझी जीभ सासरी पण अशीच ठेव. पण जिभेनं काय कापत नाय."

तेव्हा कल्याणच्या बाजाराची एक बाजू सगळी छावणीच्या मालाने भरलेली असायची. लढाई संपली, गोरे पलटणवाले निघून गेले, त्यांच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं राहायला आली, आणि पलटणीचं जे काय मागे राहिलं होतं ते गोणपाटावर मांडून विकायला बसली. टिनाचे डबे, पाण्याच्या बाटल्या, पट्टे, बूट, काळपट हिरवी कांबळी. बायकामाणसं तिकडे जायची ती कांबळ्यासाठी. तू सरळ त्या सिंध्यापुढे जाऊन उकिडवी बसलीस, ज्याच्याकडे सुऱ्या होत्या. उंच, गोरा, पांढरी दाढी, डोळे लाल. त्याने आधी तुला बघून एक छोटा चाकू पुढे केला, मिटणारा, शिंपल्याच्या मुठीचा, छान होता. मी हात पुढे केला. तू माझ्या हातावर चापट मारलीस.

"मिटतो तो नको."

"माई, ये अच्छा है. सब्जी, फल..."

"मिटतो तो उघडायला दोन हात लागतात," तू मराठीतच त्याला म्हणालीस. "एक हात कुणी धरलेला असला तर?"

त्याला मराठी कितपत कळत होतं कोण जाणे. पण त्याने चाकू मागे घेतला आणि तुझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग पाठीमागच्या पेटीतून फडक्यात गुंडाळलेल्या तीन सुऱ्या काढून गोणपाटावर ठेवल्या. तिन्ही पलटणीच्या. चामड्याचं म्यान, चामड्याच्या चकत्या एकावर एक चढवून केलेली मूठ, मूठ नि पात्याच्या मध्ये लोखंडाची आडवी पट्टी. वीतभर पातं. मला तर तिन्ही एकाच आईच्या पोटच्या वाटल्या. मी म्हटलं, "घे कुठलीही, ऊन चढलं." तू ऐकलंच नाहीस.

मी तुला मासे कापताना रोज बघत आलेले, पण त्या दिवशी तू वेगळीच बाई होतीस. एकेक सुरी उचलून आधी नखाने टिचकी मारतेस आणि कानाशी धरतेस. दोन वाजतात, एक नुसती ठप्प करते. जी ठप्प करते तिची मूठ तू दोन हातांनी पिळतेस, आणि पातं आत डुगडुगतं. "आत शेपूट आखूड हाय, लाखेत बसवलंय," तू मला म्हणतेस, "जोर लावला की पातं तिथं राहील नि मूठ तुझ्या हातात." ती नकली निघाली, पलटणीची नव्हेच, कुणा लोहाराने बघून केलेली. सिंधी म्हणाला, "माई, ये भी असली है." तू म्हणालीस, "मग तुझ्या घरात ठेव."

राहिल्या दोन. मला वाटलं झालं. तेवढ्यात तू कनवटीतून केळीच्या पानाची पुडी काढलीस. उघडलीस तर आत हळद, गोड्या तेलात कालवलेली. घरून निघताना तू हे कधी केलंस मला कळलं नव्हतं. "हात कर." भर बाजारात तू माझ्या उजव्या तळव्याला हळद फासलीस, बोटांच्या बेचक्यांत, मनगटापर्यंत. येणारे-जाणारे थांबले. एक म्हातारी म्हणाली, "अगो, लगीन हितंच लावतेस काय पोरीचं?" तू म्हणालीस, "लगीन लागायच्या आधी बघते, नंतर बघून काय करू?" आणि पहिली सुरी उचलून माझ्या हातात दिलीस. खाली ठेवली नाहीस, सरळ हातात दिलीस. सुरी, मीठ, मिरची कधी हातात देऊ नये, वैर होतं, हे मला तूच शिकवलेलं. मी तुझ्या तोंडाकडे बघितलं. तिथे काही नव्हतं.

"दाब."

"कशात?"

सिंध्याच्या शेजारी कांबळ्यांची चळत होती, तिच्यात. मी जरा टोचल्यासारखं केलं. "तशी नाय. जीव जाताना माणूस धरतो तशी धर." मी जोर लावला आणि हळदीचा हात चामड्यावरून सर्रकन पुढे गेला, आडव्या पट्टीवरही थांबला नाही, कारण तिची पट्टी झिजून नावाला उरली होती. पात्याच्या बुडाशी माझं तर्जनीचं पेर जरासं चिरलं. हळदीत रक्त कसं दिसतं ते मी पहिल्यांदा बघितलं. सिंधी ओरडत होता, कांबळं फाटलं म्हणून. तू माझं बोट उलटून बघितलंस, हळद होतीच, ती दाबलीस आणि ती सुरी बाजूला टाकलीस. "ही आपल्यालाच कापील."

तिसरी दिसायला सगळ्यांत वाईट. पात्यावर गंजाचे ठिपके, मूठ घामाने काळी पडलेली. तिच्या मुठीच्या बुडाशी कुणी गोऱ्याने टोकाने चार आडव्या खाचा पाडल्या होत्या. ती मी धरली, दाबली, आणि हात जागचा हलला नाही. कांबळ्याच्या किती घड्यांतून ती गेली, मला काही लागलंच नाही. मी घाबरून सोडून दिली. ती तिथेच उभी राहिली, चळतीत.

"आये, हिच्यावर खुणा हायत."

"बघितल्या."

"कशाच्या असतील?"

"असू देत. ही एकदा कामाला आलेली हाय, बिचकणार नाय."

सिंधी आता ओरडायचा थांबला होता. तो तुझ्याशी हळू आवाजात बोलला, "माई, शादी है कि जंग है?" आणि तू त्याला म्हणालीस, "शादी हाय. म्हणून तर." त्याने जे सांगितलं ते तू पदराची गाठ सोडून दिलंस. घासाघीस केली नाहीस. वाटाभर जवळ्यासाठी गिऱ्हाइकाला रडवणारी तू, एक शब्द बोलली नाहीस. फाटलेलं कांबळं पण घेतलंस. त्या सिंध्याने सुरी फडक्यात गुंडाळली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "बेटी, रब राखा." तो मागे काय बघून आला होता ते त्याला ठाऊक.

हळदीच्या दिवशी मांडवात नुसता धुमाकूळ. नवरीच्या हातात गोऱ्या सोजिराची सुरी, टोकाला लिंबू. आत्या म्हणाली, "नवऱ्याला जेवायला बसवतेस का कापायला?" पोरी गाण्यात ते घालून गायल्या. बाबा बाहेरून आले, त्यांनी सुरी बघितली आणि तुझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता आवाज खाली येणार. पण ते काही न बोलता परत गेले. त्याचं मला तेव्हा नवल वाटलं, नंतर विसरले. निघताना तू माझ्या डोळ्यांना पदर लावायचं नाटक करून कानात एवढंच म्हणालीस, "परत पाठवू नको. विचारलं तर हरवली सांग."

सासरचं घर खाडीच्या तोंडाशी, मागे भरती आली की पाणी उंबऱ्यापर्यंत यायचं. माझा नवरा साधा माणूस. यार्डातून आला की हातपाय धुऊन जेवायचा आणि झोपायचा, कुणाचं वाईट चिंतायलाही त्याला वेळ नव्हता. थोरला दीर वेगळा. तो कधी मोठ्याने बोलला नाही, दारू प्यायला नाही, गावात सगळे त्याला मान देत. फक्त तो घरात आला की सासू हातातलं काम टाकून उठायची आणि कारण नसताना दाराशी जाऊन उभी राहायची. हे मला पहिल्याच दिवशी दिसलं. हळद उतरली, पाठराखीण परत जायला निघाली, तेव्हा सासूने माझ्याकडे हात केला. "सुरी दे, हिच्याकडे द्यायची असते."

"हरवली, आत्याबाई."

पाठराखीण 'अगं काल तर' म्हणायला गेली. सासूने तिला हाताने थांबवलं. ठेंगणी बाई, चेहऱ्यावर देवीचे व्रण. माझ्याकडे बघत म्हणाली, "हरवली तर हरवली. उशाखाली हरवली असंल तर तिथंच राहू दे. माझ्या वेळी नुसता अडकित्ता होता." आणि पाठराखिणीच्या ओटीत नारळ घालायला वळली.

त्या काळी मोठा दीर भावजयीशी सरळ बोलत नसे, तुला माहीत आहे. पाणी हवं असलं तरी भिंतीला सांगायचा, "कुणीतरी पाणी द्या." मी पण खांबाला उत्तर द्यायचे, "देतात." चार-पाच महिने असंच गेलं. मग भातकापणी आली. सगळी शेतावर, मी एकटी भाकऱ्या बांधायला घरी. दुपारची वेळ, बाहेर ऊन इतकं की कावळा पण गप्प. स्वयंपाकघरात एकदम अंधारलं. वर बघितलं तर तो दारात. दोन्ही हात चौकटीला लावून उभा.

"पाणी दे," तो म्हणाला. भिंतीला नाही, मला.

मी तांब्या भरून उंबऱ्यापाशी सरकवला. त्याने तो उचलला नाही. "ती सुरी कुठं हाय? गोऱ्याची. मांडवात बघितली होती. चांगली होती."

"आहे."

"बघू."

ती कमरेला होती, निऱ्यांच्या आत. मी काढली. त्याने हात पुढे केला, तळवा वर. मला तो हात अजून दिसतो, स्वच्छ, नखं कापलेली. मी म्हटलं, "सुरी हातात देत नाहीत. वैर होतं."

"मग खाली ठेव."

आये, किती साधं बोलला तो. मला एक क्षण खरंच वाटलं की ठेवावी, मोठा माणूस सांगतोय. पिठाचे हात होते माझे, ओले, चिकट. पण मूठ हातात जशीच्या तशी बसलेली. मी ठेवली नाही. तो माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हता, हाताकडे बघत होता, अंगठा कुठे आहे, पट्टी कुठे आहे. बराच वेळ बघितलं त्याने.

"धरायला कुणी शिकवलं?"

"आईने."

तो हसला. वाकून तांब्या उचलला, उभ्याउभ्या पाणी प्यायला, तांब्या होता तिथेच नीट ठेवला आणि गेला. एवढंच झालं. दुसऱ्या दिवसापासून तो पुन्हा भिंतीशी बोलायला लागला. मी भाकऱ्या घेऊन शेतावर गेले तेव्हा सासूने मला लांबूनच वरपासून खालपर्यंत बघितलं, मोजदाद केल्यासारखं, आणि परत कापायला वाकली. तू दिवाळीला आलीस तेव्हा मी तुला सांगितलं नाही, तू विचारलंही नाहीस. फक्त जेवताना म्हणालीस, "गंज धरू देऊ नको. तेलाचं बोट लाव." पुढच्या पावसाळ्यात तू गेलीस. कावीळ झाली म्हणाले. तुझा ताप, तुझे पिवळे डोळे, सगळं मी बघितलं होतं, म्हणून मी विश्वास ठेवला.

तू गेल्यावर थोरल्याने तिसरी बायको केली. कुणी दिली विचारू नको. आईबाप नसलेली, मामाने उजवलेली, अंगापिंडाने थोराड पण बोलायला मुखदुर्बळ. हळदीला तिच्या हातात अडकित्ता होता, तोही सैल खिळीचा. मी बघितला आणि मला तिचा नाही, त्या मामाचा राग आला. हळद उतरली त्या दुपारी मी तिला गोठ्यात नेलं, तेल दिलं हाताला, आणि ती सुरी तिच्या हातात दिली. सरळ हातात. पेंढ्याच्या भाऱ्यात दाबायला लावली. ती म्हणाली, "ताई, हे कशाला?" मी म्हटलं, "मला पण कुणी सांगितलं नव्हतं. दाब." सासू गोठ्याच्या तोंडाशी शेण गोळा करत होती. तिने आमच्याकडे पाठ फिरवली आणि रस्त्याकडे तोंड करून बसली, कुणी येत असलं तर दिसावं म्हणून.

पुढच्या शिमग्याच्या आसपासची गोष्ट. सकाळी मी चुलीपाशी, जाऊ वाटण वाटतेय, आणि थोरला ओटीवर बसलेला, डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत फडक्यात. फडकं लाल. शेजारचा म्हातारा विचारायला आला. आतून मला ऐकू आलं, तो त्याच शांत आवाजात म्हणाला, "काय नाय. विळीवर पडलो." जावेने वाटण काढलं, पाटा धुतला, तिच्या तोंडावर एक रेघ हलली नाही. मग उठून त्याला भाकरी नेऊन दिली आणि तो ती मुकाट्याने खाऊ लागला. तेव्हापासून तो ओटीवर झोपायला लागला. म्हातारा होऊन मेला. ती जाऊ त्याच्यामागे पुष्कळ जगली, नातवंडं खेळवली, आणि त्या रात्रीचं एक अक्षर ती माझ्याशी बोलली नाही, मी विचारलं नाही. पहिल्या दोघींचं काय झालं तेही त्या घरात मला कुणी सांगितलं नाही. सासूला ठाऊक होतं. ती जाताना ते बरोबर घेऊन गेली.

पण मला सांगायचं ते हे नाही. त्या सकाळी 'विळीवर पडलो' हे ऐकलं नि माझा भाकरी थापायचा हात थांबला. ते मी आधी ऐकलं होतं. बाबांच्या डाव्या हातावर कोपराखाली लांब पांढरा व्रण होता. मी अगदी लहान असताना, त्यांच्या हाताला तेल लावता लावता, विचारलं होतं, बाबा, हे काय? ते म्हणाले होते, विळीवर पडलो. तू तिथेच होतीस, आमच्याकडे पाठ करून, कोयंडा लावत होतीस. आणि बाबा ओटीवर झोपायचे, थंडी असो, पाऊस असो. मला वाटायचं सगळ्यांचेच बाप ओटीवर झोपतात. मांडवात माझ्या हातात ती सुरी बघून ते तुझ्याकडे का बघत राहिले आणि न बोलता का गेले, ते मला तव्यावरची भाकरी करपल्यावर कळलं. तू त्या सिंध्यापुढे बसून जे जे केलंस, ते तू मासळीवर शिकली नव्हतीस. आधी तुझ्याही हातातून कुठली तरी सुरी निसटली असणार. मूठ डुगडुगली असणार. एक हात कुणीतरी धरलेला असणार.

पुढे बाबा दिवाळीला यायचे. मी वाढायचे. एकदा म्हणाले, "अशी काय बघतेस गं हाताकडे?" मी म्हटलं, "काही नाही, भात घ्या." त्यांनी घेतला. मी त्यांना शेवटपर्यंत वाढलं, आवडीचं करून वाढलं, ते माझे बापच होते. तुला काही त्यावर म्हणायचं असेल तर म्हण.

हा कागद आता कुठे टाकू कळत नाही. जाळावा तर ह्या घरात चूल नाही. गॅसवर धरला तर छताची शिट्टी बोंबलते आणि खालून शिपाई पळत येतो. फाडून कचऱ्यात टाकेन. सुनेला वाटेल, म्हातारीने सामानाची यादी चुकवली.

एवढं मात्र राहिलं होतं. कल्याणहून परत येताना तू मला विचारलंस, "भ्यालीस का गं?" मी हो म्हटलं. तू माझा हळदीचा हात तुझ्या पदराला पुसलास आणि म्हणालीस, "त्या घराला आता भ्यायचं नाय." मी मान हलवली. आये, ते घर मी तोवर बघितलंसुद्धा नव्हतं. मी तुला भ्याले होते.